सातबारा कपाटात राहू दे, यादी बाहेर काढ

पत्र असं आहे:

‘ताई, आमचे तात्या एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झाले. गेली तीस वर्षं तालुक्यात कुणाचं काही अडलं की माणसं आमच्या ओसरीवर येतात. दाखले, निराधारचे अर्ज, रात्रीबेरात्री दवाखाना, सगळं तात्या बघतात. आता जो तो म्हणतो, “तात्या, विधानसभेला उभे राहा, आम्ही आहोत.” तात्यांनी ते मनावर घेतलंय. चार एकरांतली दोन एकर विकायची म्हणतात. कुणी समजावायला गेलं की “१९९५ला अपक्षांच्या जोरावर सरकार आलं होतं” असं सांगतात. त्यात एका पुढाऱ्याचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. “तुम्ही फक्त अर्ज भरा, खर्चाचं आम्ही बघतो,” म्हणाला. आई काही बोलत नाही. माझे यजमान जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत, ते म्हणतात मी बूथवर बसेन. मी पतसंस्थेत हिशेब बघते. तात्यांचा मला फार अभिमान आहे, पण झोप लागत नाही. त्यांना अडवू की साथ देऊ? – तात्यांची मुलगी’

पोरी, तुझं पत्र मी तीनदा वाचलं, कारण त्यात मला माझे थोरले भाऊ दिसले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. २००४च्या विधानसभेला ते अपक्ष उभे राहिले होते. तीच ओसरी, तीच माणसं, तेच ‘आम्ही आहोत’. म्हणून तुला जे सांगते आहे ते डोळ्यांनी बघितलेलं आहे.

मतदानाच्या दिवशी माझ्याकडे बूथवरच्या पोरांना डबे पोचवायचं काम होतं. एका जीपमध्ये डबे भरून सकाळी आठला निघाले आणि दुपारपर्यंत चाळीस बूथ फिरले. त्यातल्या तेवीस ठिकाणी आमच्या टेबलावर माणूसच नव्हता. एका गावात टेबल मांडलेलं होतं, त्यावर मतदारयादी होती, यादी उडू नये म्हणून वर दगड ठेवलेला होता आणि बाजूला दहा-बारा वर्षांचा एक मुलगा बसला होता. म्हणाला, काका आत्ता येतो म्हणून गेलेत. काका सकाळी साडेसातलाच गेले होते. त्याच गावातला एक जण, ज्याच्या बायकोला अण्णांनी स्वतः रक्त दिलं होतं, तो समोरच्या उमेदवाराच्या टेबलावर बसलेला मी पाहिला. त्यानं मान खाली घातली. मग उठून मला पाण्याचा तांब्या आणून दिला. बोलला काहीच नाही.

त्या माणसावर मी बरीच वर्षं रागावलेली होते. आता नाही. त्याचा ऊस त्या उमेदवाराच्या कारखान्याला जायचा आणि मुलगी त्यांच्याच संस्थेच्या कॉलेजात होती. अण्णांवरची त्याची माया खरी होती. मत कदाचित त्यानं अण्णांनाच दिलं असेल, कोण जाणे. पण दिवसभर सगळ्या गावासमोर अण्णांच्या नावानं बसणं त्याला परवडणारं नव्हतं. लोक उपकार विसरत नाहीत, पण उपकाराची वही वेगळी आणि निवडणुकीची वही वेगळी. तात्यांच्या घरात आज जी गर्दी आहे ती पहिल्या वहीतली आहे. दुसऱ्या वहीत त्यातली किती नावं उतरतात, हे शेत विकायच्या आधी कळायला हवं. सगळा प्रश्न एवढाच आहे, आणि तो आत्ता घरबसल्या सोडवता येतो.

आधी १९९५चं बघू. तात्या खोटं बोलत नाहीत. त्या साली ४५ अपक्ष निवडून आले होते आणि सरकारला त्यांचा टेकू होता. पण त्यांतले कितीतरी जण मोठ्या पक्षाचे बंडखोर होते. तिकीट कापलं गेलं तरी साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, सगळी माणसं त्यांच्याबरोबर आलेली होती. आताचं चित्र असं: २०२४च्या विधानसभेला २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार होते. त्यांतले २,०८६ अपक्ष. निवडून आले दोन. जुन्नर आणि चंदगड. आणि हे दोघंही त्याच मतदारसंघात आधी लढलेले होते, ओसरीवरून उठून थेट आलेले नव्हते.

हा आकडा तात्यांच्या तोंडावर फेकू नकोस. त्यांना वाटेल पोरीचा आपल्यावर विश्वास नाही. त्याऐवजी तू हिशेबाची माणूस आहेस, तर त्यांच्यासोबत एका संध्याकाळी वही घेऊन बस. महाराष्ट्रात सुमारे पावणेदहा कोटी मतदार आणि एक लाखाच्या वर मतदान केंद्रं. २८८नं भाग दे. सरासरीनं एका मतदारसंघात सव्वातीन लाखांच्या वर मतदार आणि साडेतीनशेच्या आसपास बूथ. २०२४ला मतदान ६६ टक्के झालं, म्हणजे एका जागेला सव्वादोन लाखांच्या आत-बाहेर मतं पडली. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. सदतीस हजार धर. जिंकायचं पुढे बघू, नुसती अनामत परत मिळवायला सदतीस हजार माणसांनी तात्यांच्या चिन्हासमोरचं बटण दाबायला हवं. आणि तीस वर्षांत ओसरीवर माणसं आली किती? रोज पाच धरलीस, वर्षाचे तीनशे दिवस धरलेस, तरी पंचेचाळीस हजार होतात, आणि त्यात तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा आलेली आहेत.

अनामतीचे दहा हजार गेले तर जाऊ देत, त्याचं दुःख नाही. (अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार असतात.) दुःख दोन एकरांचं आहे.

आता वहीतलं मुख्य काम. मतदारयादीच्या भागांनुसार वहीत बूथ क्रमांक घाला, एकापासून शेवटपर्यंत. प्रत्येक क्रमांकापुढे एक नाव. हे नाव कुणाचं? तात्यांना मत देईन म्हणणाऱ्याचं मुळीच नाही. मत देईन असं तोंडावर सगळेच म्हणतात, त्यात त्यांना काही गमवावं लागत नाही. नाव लिहायचं ते अशा माणसाचं, जो मतदानादिवशी पहाटे साडेपाचला शाळेच्या खोलीत हजर होईल, मॉक पोल डोळ्यांसमोर करून घेईल, संध्याकाळी यंत्र सील होईपर्यंत जागचा हलणार नाही आणि निघताना केंद्राध्यक्षांकडून सतरा-सी नमुन्याची प्रत घेऊन येईल. आणि हे सगळं उघड, गावासमोर, तात्यांच्या नावाचा प्रतिनिधी म्हणून. मॉक पोल मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी असतो, कमीत कमी पन्नास मतं टाकून यंत्र तपासतात. सतरा-सीमध्ये त्या बूथवर एकूण किती मतं नोंदली गेली ते लिहिलेलं असतं. मतमोजणीला तो कागद हातात नसेल तर कुठल्या टेबलावर काय जुळतंय नि काय नाही, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही. साकोलीचा निकाल २०२४ला २०८ मतांनी लागला, मालेगाव मध्यचा १६२ मतांनी. अशा ठिकाणी एकेका बूथवरचा एकेक माणूस मोलाचा असतो.

हे विचारायला तात्यांनी स्वतः जावं, फोनवर नाही. ‘तू माझा बूथ सांभाळशील का?’ एवढाच प्रश्न. जो ‘बघू की तात्या’ म्हणेल त्याचं नाव लिहायचं नाही. जो ‘घरी विचारून सांगतो’ म्हणेल त्याचं पेन्सिलीनं लिहायचं. शाईनं लिहायची ती नावं मोजायची. साडेतीनशेपैकी दोनशे नावं शाईनं भरली तर मी स्वतः तुला लिहीन की तात्यांना अडवू नकोस. चाळीस-पन्नासावर अडकली तर तात्यांना तुझ्या सांगण्याची गरजच उरणार नाही. वही त्यांच्याच हातची असेल. अण्णांना हे निकालाच्या दिवशी समजलं. तात्यांना आधी समजलं तर तो त्यांचा पराभव नाही.

यात दुसरी एक गोष्ट आपोआप होते. तात्या आजवर लोकांना देत आले आहेत. उमेदवाराला मागावं लागतं. वेळ मागावा लागतो, माणूस मागावा लागतो, पैसे मागावे लागतात. आयुष्यभर देणाऱ्या माणसाला मागणं किती जड जातं ते मी पाहिलंय. अण्णा दारापर्यंत जायचे, चहा प्यायचे, सगळ्यांची विचारपूस करायचे आणि मत न मागताच परत यायचे. म्हणायचे, त्यांना माहीत आहे की, सांगायला कशाला हवं? सांगायला हवं असतं.

आता पैसा. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे. लोक हा आकडा ऐकतात आणि एवढे लागतातच असं धरून चालतात. ती कमाल आहे, तेवढा खर्च करावा असं कुठे लिहिलेलं नाही. तात्यांसारख्या उमेदवाराला लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत: मतदारयादी, मतदार स्लिपा, एक साधं पत्रक, परवानगी काढलेल्या भोंग्याच्या एक-दोन गाड्या, आणि मतदानादिवशी बूथवरच्या माणसांचं जेवण. प्रत्येक बूथवर तीन माणसं धर, माणशी दोनशे रुपये धर, साडेतीनशे बूथचे दोन लाख दहा हजार होतात. यादी मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला फुकट मिळते, अपक्षाला पैसे भरून घ्यावी लागते, तेही धर. चौकाचौकातले फ्लेक्स, अर्ज भरायला पन्नास गाड्यांचा ताफा, मोठ्या मैदानावरची सभा, यातलं काहीच धरू नकोस. त्या ताफ्याचाच खर्च बहुतेक वेळा शेत खातो. आणि अर्ज भरायच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा पै न पै खर्च हिशेबात धरला जातो, ताफ्याचं डिझेलसुद्धा.

एवढे पैसे शेत न विकता उभे करता येतात, फक्त लोकांकडून यायला हवेत. पावती पुस्तक छापा. शंभर, दोनशे, पाचशे. जे लोक ‘आम्ही आहोत’ म्हणतात त्यांच्यातल्या किती जणांनी शंभराची पावती फाडली, तेही वहीत लिही. हेसुद्धा एक मतदानच आहे. रोख देणगी किंवा रोख खर्च एका व्यक्तीमागे दहा हजारांच्या वर जाऊ द्यायचा नाही, त्यापुढे चेक किंवा बँकेतून. निवडणुकीसाठी वेगळं खातं अर्ज भरायच्या निदान एक दिवस आधी उघडावं लागतं. ते तात्यांच्या एकट्याच्या नावावर असावं किंवा त्यांच्या निवडणूक प्रतिनिधीबरोबर (उमेदवाराच्या वतीनं निवडणुकीचं काम बघणारा, बूथवरचा नव्हे) संयुक्त असावं, घरातल्या इतर कुणाबरोबर नाही.

आणि तो निवडणूक प्रतिनिधी तू हो. तुझ्या पत्रात मला सगळ्यात मोठं भांडवल दिसलं ते तुझं हिशेबाचं काम. खर्चाची नोंदवही मिळते, त्यात पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रचाराच्या काळात खर्च निरीक्षक निदान तीनदा ती तपासतात. त्यांच्याकडे त्यांची स्वतःची वही असते, तुमच्या सभेत किती खुर्च्या होत्या ते त्यात आधीच लिहिलेलं असतं. निकालानंतर तीस दिवसांत पूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यायचा. हरलेले उमेदवार हे हमखास विसरतात. घरी दुखवट्यासारखं वातावरण असतं, कोण वही उघडणार? आणि मग आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. तुझ्या हातात वही असली तर हे होणार नाही.

अर्जाचंही तूच बघ. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवणारे मतदार, लागतात. दहांपैकी एक जण जरी त्या मतदारसंघाच्या यादीत नसला तरी छाननीत अर्ज जातो, म्हणून दहाच्या दहा नावं यादीशी स्वतः ताडून घे आणि शक्य असेल तर दुसरा अर्जही भर, चारपर्यंत भरता येतात. शपथपत्रात एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. जिथे काही नाही तिथे ‘निरंक’ लिहायचं. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. चिन्ह मात्र माघारीची मुदत संपेपर्यंत हाती येत नाही. २०२४ला माघार ४ नोव्हेंबरला संपली आणि प्रचार १८ तारखेला संध्याकाळी थांबला. म्हणजे नवं कोरं चिन्ह सव्वातीन लाख मतदारांपर्यंत न्यायला अपक्षाच्या हाती दोन आठवडे. बूथवर माणूस नसेल तर ते चिन्ह वाडीवस्तीवर पोचवणार कोण?

आता तो दोनदा घरी आलेला माणूस.

त्याला तिसऱ्यांदा चहासुद्धा पाजू नका. तो तात्यांची कदर करायला आलेला नाही. तात्यांच्या नावावर आठ-दहा हजार मतं फुटतील आणि कुणाचा तरी गडी पडेल, असं गणित घालून तो आला आहे. पैसे देऊन कुणाला उभं करणं आणि पैसे देऊन कुणाला माघार घ्यायला लावणं, दोन्ही लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३मध्ये लाचेत मोडतं. पण मी कायद्यासाठी सांगत नाही. आज हा माणूस उभे राहा म्हणून पैसे देईल, माघारीच्या दिवशी दुसरा बसा म्हणून देईल, आणि तालुक्यात दोन्ही आकडे दुपटीनं बोलले जातील. तात्यांनी एक रुपया घेतला नाही तरी बोलले जातील. अण्णांच्या बाबतीत ते झालं. निवडणूक हरल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण ‘अण्णांनी किती घेतले?’ हा प्रश्न एकदा न्हाव्याच्या दुकानात त्यांच्या कानावर पडला आणि त्यानंतर ते सहा महिने गावात फिरले नाहीत. ओसरी बंद झाली. तुमच्या तालुक्यातल्या ज्या म्हाताऱ्यांना निराधारचा अर्ज भरून घ्यायचा आहे त्यांना ओसरी उघडी हवी आहे, तात्या आमदार होवोत न होवोत.

या सगळ्यात मला अजून वेळ दिसतो, आणि तो तुमच्या बाजूचा आहे. सध्याच्या विधानसभेची मुदत २०२९च्या अखेरीस संपते. मतदारसंघांच्या आताच्या सीमा २००८च्या पुनर्रचनेतल्या आहेत आणि राज्यघटनेप्रमाणे २०२६ नंतरच्या जनगणनेवरून त्या नव्यानं आखायच्या आहेत. आज शेत विकून ज्या वीस गावांत तात्या गाडी फिरवतील, ती गावं पुढे शेजारच्या मतदारसंघात गेली तर? आणखी एक. २०२३च्या १०६व्या घटनादुरुस्तीनं विधानसभेतल्या एक तृतीयांश जागा महिलांसाठी ठेवायचं ठरलं आहे, तेही पुनर्रचनेशी जोडलेलं आहे. २०२४ला २८८मध्ये स्त्रिया आल्या अवघ्या २१. तुमची जागा राखीव झाली तर ती वही, ती नावं आणि तात्यांची पुण्याई घेऊन कोण उभं राहील, याचा विचार तू केला आहेस का? मी उगाच म्हणत नाहीये. ज्या मुलीला वडिलांच्या उमेदवारीची अशी काळजी वाटते आणि जिला हिशेब येतो, तिचं नाव मला उमेदवारांच्या यादीत चालेल.

दरम्यान तात्यांना आवड आहे तर जिल्हा परिषदेचा गट किंवा पंचायत समितीचा गण बघा. गण मोटारसायकलवर पालथा घालता येतो, सगळ्या बूथना माणसं मिळतात, आणि मागायची सवयही लागते.

आईचं मात्र तू दोन शब्दांत उरकलंस, ‘काही बोलत नाही’. आमच्या वहिनीही बोलल्या नव्हत्या. त्यांच्या पाटल्या आधी गेल्या, मग तालुक्याच्या गावातला प्लॉट गेला, आणि त्या सगळ्या काळात पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक त्या करत होत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही, आणि हे मला आजही लागतं. तू आज रात्री आईजवळ बस. तिचं म्हणणं पूर्ण ऐक, मध्ये तात्यांची बाजू मांडू नकोस. जमिनीत तिचे हात तात्यांपेक्षा जास्त राबले असणार, ते वाहकाच्या ड्यूटीवर होते ना वर्षानुवर्षं. तिचं म्हणणं तात्यांसमोर तूच मांड, आणि सातबाऱ्याचे कागद तिच्या पेटीत ठेवायला सांग.

तुझ्या प्रश्नाला सरळ उत्तर हवं असेल तर: शेताच्या विक्रीला अडव, अगदी ठामपणे. उभं राहायला अडवू नकोस. वही भरू दे, मग तात्या ठरवतील. वही अर्धीसुद्धा भरली नाही आणि तरीही ते म्हणाले की मला उभं राहायचंच आहे, तर अनामत आणि पावत्यांतून जमले असतील तेवढेच पैसे घेऊन उभे राहू देत, आणि तू त्यांच्या शेजारी बस. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले, पण मधे दोनदा हरलेही होते. हरलेल्या माणसाकडे लोक पुन्हा येतात. मिंधा झालेल्याकडे येत नाहीत.

राहिले तुझे यजमान. त्यांना सांग, बूथवर बसायचं नाव काढू नका. सरकारी सेवेतल्या माणसानं उमेदवाराचा प्रतिनिधी होणं हा गुन्हा आहे, शिक्षकांच्या सेवाशर्तीही राजकारणाला मनाई करतात, आणि बहुधा त्या दिवशी त्यांची स्वतःची निवडणूक ड्यूटी कुठेतरी दुसऱ्या तालुक्यात लागलेली असेल. त्यांनी मुलं आणि घर सांभाळावं.

पहिली पन्नास नावं विचारून झाली की मला कळव. शाईची किती, पेन्सिलीची किती, एवढं लिहिलंस तरी पुरे.